लेसिक झाल्यावर डोळ्याला मार लागला तर? फ्लॅप सरकल्याचे अनुभव आहेत का कुणाला?

शर्वरी_कोथरूड
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण घरात जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि मराठीत शोधायला गेलं तर सगळीकडे 'दहा मिनिटांत चष्म्याला रामराम' एवढंच सापडतं.

माझ्या धाकट्या भावाचं लेसिक, म्हणजे लेसरने चष्म्याचा नंबर काढायचं ऑपरेशन, होऊन काही वर्षं झाली. उणे पाचचा नंबर होता, तो पूर्ण गेला, कधी काही त्रास नाही. परवा त्याची लेक मांडीवर खेळत होती, तिनं हात फिरवला आणि नख थेट उजव्या डोळ्यात गेलं. खूप पाणी यायला लागलं, डोळा उघडेना. जवळच्या डॉक्टरांनी बघून किरकोळ ओरखडा आहे म्हणाले, ड्रॉप्स दिले, पट्टी बांधली. सकाळी पट्टी काढली तर सुरकुतलेल्या प्लास्टिकमधून बघावं तसं दिसायला लागलं. मग कॉर्नियाच्या तज्ज्ञांकडे पळालो. त्यांनी मशीनमधून बघता क्षणी सांगितलं की लेसिकचा फ्लॅप, म्हणजे ऑपरेशनमध्ये कापून परत बसवलेला डोळ्यावरचा पातळ थर, सरकलाय आणि एका कडेला दुमडलाय. त्याच संध्याकाळी ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन फ्लॅप उचलला, खाली साफ केलं, परत नीट बसवला, वर बँडेज लेन्स, म्हणजे जखम झाकणारी मऊ लेन्स, ठेवली. आता बरंच चांगलं दिसतंय, पण अजून तपासण्या चालू आहेत.

माझा प्रश्न असा की इतक्या वर्षांनी पण हे होऊ शकतं हे आम्हाला कुणीच कसं सांगितलं नाही? भाऊ म्हणतो माहीत असतं तर पहिल्याच डॉक्टरांना सांगितलं असतं की माझं लेसिक झालंय. त्यांनी विचारलं नाही आणि याच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. दुसरं म्हणजे माझी स्वतःची चष्मा काढायची तारीख ठरलीये, तीही लेसिकचीच. आता घरात सगळे रद्द कर म्हणतायत. तुम्हाला काय वाटतं?

मिहिर_ठाणे
भावाला लवकर बरं वाटू दे. पण ताई, जगात कोट्यवधी लोकांनी लेसिक करून घेतलंय, मी पण केलंय. त्यानंतर गल्लीत क्रिकेट खेळलो, टेनिस बॉल डोळ्याखाली बसला, सूज आली आणि गेली. एखाद्या केसवरून धागा काढला की लोक उगाच घाबरतात.

गोदाकाठ
+१ मिहिर. रस्त्यावर चालताना पण अपघात होतात.

शर्वरी_कोथरूड
मिहिर, घाबरवायचं अजिबात नाहीये. ऑपरेशन वाईट असं मी कुठेच म्हटलं नाही. मार लागल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं हे माहीत हवं होतं, एवढंच. एक रात्र फुकट गेली त्यात.

नेत्रा_सोलापूर
मी डोळ्यांची डॉक्टर आहे, कॉर्नियाचंच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

कॉर्निया म्हणजे बुबुळाच्या वरचा पारदर्शक भाग. मध्यभागी त्याची जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या थोडी वर. लेसिकमध्ये त्याचा वरचा पातळ थर, आजकाल बहुतेक १०० ते १२० मायक्रॉनचा, गोल कापून उचलतात. पूर्ण सुटा करत नाहीत, एका बाजूला बिजागरी ठेवतात. मग खालच्या भागावर एक्सायमर लेसरने नंबराप्रमाणे आकार देतात आणि तो थर, म्हणजेच फ्लॅप, परत जागेवर बसवतात. टाके नसतात. पेशंटला दुसऱ्या दिवशी छान दिसतं, त्यामुळे जखम पूर्ण भरली असं सगळ्यांना वाटतं. ती तशी भरत नाही. कडेकडेने व्रण तयार होऊन फ्लॅप धरला जातो, पण मधल्या भागात तो खालच्या थराशी फारसा जुळत नाही. अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठात लेसिक झालेल्या लोकांच्या मृत्यूनंतर मिळालेल्या डोळ्यांवर अभ्यास झाला होता, २००५ साली तो छापून आला. त्यात मधल्या भागातली पकड न कापलेल्या कॉर्नियाच्या २ ते ३ टक्के आणि कडेची साधारण २८ टक्के भरली. म्हणून डॉक्टर कित्येक वर्षांनीही फ्लॅप उचलून नंबर दुरुस्त करू शकतात. जी गोष्ट डॉक्टर उचलू शकतो ती नखानेही उचलली जाऊ शकते, हे पेशंटला सांगितलंच पाहिजे.

आता मिहिर यांचा मुद्दा. तोही बरोबर आहे. सरळ समोरून बसलेला बोथट मार फ्लॅप सहसा हलवत नाही. धोका असतो तो तिरक्या, खरवडून जाणाऱ्या माराचा. नख, झाडाची फांदी, कुत्र्याचा पंजा, गाडीची एअरबॅग, अशा केसेस वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत, काही तर ऑपरेशननंतर दहा वर्षं उलटून गेल्यावरच्या. एकूणात हे क्वचितच होतं. पण झालं तर घाई करावी लागते, कारण फ्लॅप सरकला की वरच्या त्वचेच्या पेशी त्याखाली शिरून तिथेच वाढायला लागतात, घड्या कायमच्या बसतात आणि जंतुसंसर्ग झाला तर खोलवर जातो. भावाचं ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी बसवलं हे फार चांगलं झालं.

मार लागल्यावर डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही. वरून कडक कवच लावायचं, ऑपरेशननंतर झोपताना देतात तसलं, नसेल तर साधा चष्मा घालून निघायचं. आणि दारातच पहिलं वाक्य बोलायचं, माझं लेसिक झालंय.

पाणचक्की
डॉक्टर, खूप आभार. माझं 'ब्लेडलेस' झालंय, म्हणजे मला फ्लॅप नाही ना?

नेत्रा_सोलापूर
आहे. ब्लेडलेस असेल तर फ्लॅप पात्याऐवजी फेम्टोसेकंद लेसरने कापलेला असतो, एवढाच फरक. त्याची कड जास्त सरळ आणि नीट बसते, त्यामुळे जरा घट्ट धरतो असा अनुभव आहे, पण फ्लॅप असतोच. काँटुराच्या नावाने जे करतात तेही बहुतेक वेळा लेसिकच, फक्त कॉर्नियाचा नकाशा घेऊन लेसर मारतात. फ्लॅप नसतो तो पीआरकेमध्ये आणि स्माइलमध्ये. पीआरकेत वरची नाजूक त्वचा काढून थेट पृष्ठभागावर लेसर करतात. स्माइलमध्ये आतल्या आत एक चकती तयार करून ती २ ते ४ मिलिमीटरच्या छोट्या छेदातून ओढून काढतात.

पाणचक्की
अरे देवा. मला समुपदेशनाला बसवलेल्या मुलीने काहीतरी वेगळंच सांगितलं होतं.

चष्मेबहाद्दर
मी एका आय सेंटरवर ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणून आमची बाजू पण मांडतो. आम्ही फ्लॅपबद्दल सांगतो, खरंच सांगतो. पण पेशंट आलेला असतो तेव्हा त्याला तीनच गोष्टी ऐकायच्या असतात, दुखेल का, खर्च किती, ऑफिसला कधी जाता येईल. पहिला महिना काय काळजी घ्यायची हे लोक पाठ करतात कारण त्याचा कागद हातात देतो. पाच वर्षांनंतरचा कागद कुणी देत नाही. सहा पानी संमतीपत्रकात ते असतं, पण ते इंग्रजीत आणि बारीक अक्षरात. माझ्या मते सही करण्याआधी तो कागद मराठीत मागायचा आपला हक्क आहे आणि मागावा. न लाजता.

कोल्हापुरी_ठसका
चष्मेबहाद्दर यांच्याशी पूर्ण सहमत आणि तरीही असहमत. पेशंट ऐकत नाही म्हणून न सांगण्याची सूट मिळत नाही ना. माझ्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी मांडी घालून बसू नका हे आम्हा सगळ्यांना समोर उभं करून वदवून घेतलं होतं. तसं वदवून घ्या की.

चष्मेबहाद्दर
हे पटलं. उद्याच आमच्या मॅडमना सांगतो.

अनिकेत_एडिसन
इकडे न्यू जर्सीत आमच्या मराठी मंडळाचा रविवारचा बॅडमिंटनचा ग्रुप आहे. त्यात एका मित्राच्या डोळ्यात शटल बसलं. लेसिकवालाच. फ्लॅप शाबूत राहिला पण डोळ्याच्या आत रक्त साठलं, काळ्या भागाच्या समोर लाल रेघ दिसत होती. डोकं उंचावर ठेवून झोपायला सांगितलं, प्रेशर वाढतंय का ते रोज बघत होते. सुदैवाने निवळलं. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, की लेसिकने फक्त समोरची काच बदलते, मागचा लांबट डोळा आणि ताणलेला पडदा, म्हणजे रेटिना, तसाच राहतो. म्हणजे उणे सातवाल्याचा चष्मा गेला तरी डोळा उणे सातचाच. मार लागल्यावर चमका दिसल्या, काळे ठिपके अचानक वाढले, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी बाहुली मोठी करून रेटिना तपासायचा.

आता आमच्या कोर्टवर सगळे पॉलिकार्बोनेटचे स्पोर्ट्स गॉगल घालतात. ज्या काकांचा स्मॅश सगळ्यात जोरदार आहे त्यांनीच पुढाकार घेऊन घाऊक मागवले.

मिहिर_ठाणे
ते काका थोर आहेत :)
बाय द वे रेटिनाचं हे मला नवीन आहे. माझा नंबर उणे साडेसहा होता. ऑपरेशननंतर कधी रेटिना दाखवला नाही, कारण दिसतंय ना छान.

नेत्रा_सोलापूर
मिहिर, वर्षातून एकदा दाखवा. अनिकेत यांनी अगदी नेमकं लिहिलंय. माझ्याकडे येणाऱ्यांत फ्लॅप सरकलेले अगदी थोडे असतात, पण मोठ्या उणे नंबरचे लोक चष्मा गेल्यावर रेटिनाच्या तपासणीला यायचेच बंद होतात, याची मला जास्त चिंता वाटते.

शिरोळचा_शेतकरी
आमच्याकडे बॅडमिंटन नाही, ऊस आहे. उसाचं पात डोळ्यात जाणं हे आमच्या भागात नेहमीचंच, आणि माणूस काय करतो तर मेडिकलमध्ये जाऊन डोळ्याचे थेंब द्या म्हणतो, तोही कुठलेतरी देतो, दोन दिवस लाली कमी होते आणि मग डोळ्यात पांढरं फूल पडतं. आमच्या चुलत्यांचा एक डोळा असाच गेला, लेसिक वगैरे काही नव्हतं. आता गावातली पोरं पुण्याला नोकरीला जाऊन चष्मा काढून येतात आणि सुट्टीला आली की पाचटात उतरतात. त्यांना काय जास्त धोका आहे का, हे डॉक्टरबाईंनी सांगावं.

नेत्रा_सोलापूर
दादा, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

उसाचं पात, भाताची ओंबी, कडबा, काडी, असल्या झाडपाल्याच्या जखमेतून बुरशी कॉर्नियात शिरते. बुरशीचा संसर्ग सुरुवातीला हळू चालतो, त्यामुळे माणूस गाफील राहतो. मेडिकलमधून सल्ल्याशिवाय मिळणाऱ्या बऱ्याच थेंबांत स्टेरॉइड असतं. त्याने लाली उतरते, बरं वाटतं आणि आत बुरशी फोफावते. तुमच्या चुलत्यांचं वाचून वाईट वाटलं, अशा गोष्टी मी दर सुगीला बघते. लेसिक झालेल्याला पात लागलं तर दोन गोष्टी एकदम तपासाव्या लागतात, फ्लॅप जागेवर आहे का आणि त्याखाली काही घाण किंवा बुरशी गेलीये का, कारण फ्लॅपखाली गेलेल्या संसर्गापर्यंत वरून टाकलेलं औषध नीट पोचत नाही. कधीकधी फ्लॅप उचलून खालचा नमुना घ्यावा लागतो. तेव्हा पोरांना सांगा, पाचटात उतरताना साधा प्लास्टिकचा गॉगल घाला, शंभर-दोनशे रुपयांत मिळतो, आणि लागलंच तर मेडिकल नाही, डोळ्याचा डॉक्टर.

शिरोळचा_शेतकरी
लई उपकार. हे मी गावच्या ग्रुपवर टाकतो, तुमचं नाव न घालता.

नेत्रा_सोलापूर
जरूर टाका.

आजीची_गोधडी
चुन्याचं पण लिहा कुणीतरी. तंबाखूच्या चुन्याची प्लास्टिकची पुडी मुलं दाबतात आणि फटकन डोळ्यात उडते. माझ्या भाचीच्या बाबतीत झालं. शेजारच्या बाईंनी तिला नळाखाली धरलं म्हणून वाचली.

नेत्रा_सोलापूर
त्या शेजारच्या बाईंना माझा नमस्कार सांगा. चुना, ॲसिड, फिनेल, काहीही गेलं तर आधी पाणी, मग दवाखाना. घरात असेल त्या स्वच्छ पाण्याने पापणी उघडी धरून किमान पंधरा-वीस मिनिटं धुवायचं. चुन्याचे कण पापणीखाली अडकतात, ते नंतर डॉक्टर पापणी उलटून काढतात. इथे लेसिक झालंय म्हणून धुवायला कचरायचं नाही. फ्लॅप हलला तर परत बसवता येतो, चुन्याने जळलेला कॉर्निया परत येत नाही.

रांगडा_रायडर
थोडं अवांतर. मी कबड्डी खेळतो, जिल्हा पातळीवर. एअरफोर्सला पण प्रयत्न करायचाय. नंबर उणे अडीच. लेसिक करू का?

सह्यकडा
रायडर भाऊ, माझ्या भाच्याने हेच केलं म्हणून माहिती आहे. एअरफोर्सच्या भरतीच्या जाहिरातीत अटी दिलेल्या असतात, विसाव्या वर्षाआधी ऑपरेशन केलेलं चालत नाही, ऑपरेशनला १२ महिने होऊन गेलेले लागतात, ऑपरेशननंतरची कॉर्नियाची जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी चालत नाही, वगैरे. शाखेप्रमाणे फरक असतो, तेव्हा ज्याचा फॉर्म भरायचाय त्याची ताजी जाहिरात वाचून मगच डॉक्टरकडे जा. आणि कबड्डीत तर पकडताना नखं लागतातच. भाच्याने पीआरके केलं.

रांगडा_रायडर
पीआरके खूप दुखतं म्हणतात.

सह्यकडा
पहिले तीन-चार दिवस डोळ्यात तिखट गेल्यागत होतं, खोटं सांगत नाही. अंधाऱ्या खोलीत पडून होता. नीट दिसायला काही आठवडे गेले. उन्हाचा गॉगल कित्येक महिने वापरायला लावला, नाहीतर कॉर्नियावर धुरकटपणा येऊ शकतो म्हणे. पण आता खेळताना त्याला फ्लॅपची काळजी नाही.

लेसिकप्रेमी_नागपूर
मी लेसिक केलं, तिसऱ्या दिवशी ऑफिसला गेले, आणि मी कबड्डी खेळत नाही. माझ्यासाठी लेसिकच योग्य होतं. ज्याचं त्याचं काम बघून ठरवावं, पीआरके म्हणजे शहाणपण आणि लेसिक म्हणजे चूक असा सूर नको.

नेत्रा_सोलापूर
नागपूरकरांचं म्हणणं अगदी योग्य. मुष्टियुद्ध, कुस्ती, कबड्डी, ज्युदो, लष्कर, पोलीस, असं असेल तर मी फ्लॅप नसलेली पद्धत सुचवते. बाकीच्यांनी आपला कॉर्निया, नंबर, कोरडेपणा आणि सुट्टी बघून ठरवावं. अमेरिकेच्या नौदलाने सुरुवातीला आपल्या लोकांसाठी पीआरकेवरच भर दिला होता त्याचं एक मोठं कारण हेच. पुढे फेम्टो लेसर आल्यावर लेसिकलाही मान्यता मिळाली आणि २००७ मध्ये नासानेही अंतराळवीरांना दोन्हींची परवानगी दिली.

ढगातला_माणूस
हिमालयात जाणाऱ्यांसाठी एक. १९९६ साली एव्हरेस्टवर बेक वेदर्स नावाचे अमेरिकन डॉक्टर होते, त्यांची जुन्या पद्धतीची, कॉर्नियाला चाकाच्या आऱ्यांसारखे चिरे देणारी आरके शस्त्रक्रिया झाली होती. वर ऑक्सिजन कमी झाल्यावर कॉर्निया सुजून त्यांना दिसेनासं झालं आणि ते वाटेतच थांबले, मग वादळात सापडले. ते जगले पण हिमदंशाने उजवा हात आणि डाव्या हाताची बोटं गेली. लेसिकचं तसं नाही असं मला सांगितलं गेलं, उंचीवर थोडं धूसर आणि खूप कोरडं होतं एवढंच. मी स्वतः लेसिकनंतर लडाख, नेपाळ केलंय, कृत्रिम अश्रूंची बाटली खिशात ठेवतो, बाहेर ठेवली तर गोठते. बरोबर आहे ना डॉक्टर?

नेत्रा_सोलापूर
बरोबर. आरकेची गोष्ट वेगळी आहे. ते चिरे खोल असायचे, बऱ्याचदा ९० टक्के जाडीपर्यंत, आणि तिथे जोरदार मार लागला तर डोळा त्या चिऱ्यांवरच फुटू शकतो, कितीही वर्षांनी. आपल्याकडेही नव्वदच्या आसपास काहींनी ही शस्त्रक्रिया करून घेतली होती, ते आता पन्नाशी-साठीत असतील. घरात कुणी असेल तर त्यांना चेंडूच्या खेळात गॉगल सक्तीचा करा. एअरफोर्सच्या भरतीत आरके चालतच नाही.

गोदाकाठ
आमचे मोठे काका! रशियात शिकायला होते, तिथेच केलं होतं. आज फोन करते. सकाळी मी मिहिरला +१ दिलं होतं, पण आता हा धागा सगळ्या नातेवाईकांना पाठवतेय.

आजीची_गोधडी
डॉक्टर, माझ्या मुलाने लेसिक केलंय आणि नेत्रदानाचा फॉर्म भरलाय. त्याचे डोळे चालतील का हो?

नेत्रा_सोलापूर
आजी, चालतील. पूर्ण जाडीचा कॉर्निया बसवायला ते घेत नाहीत, पण हल्ली बऱ्याच पेशंटना फक्त आतला थर बसवतात, त्यासाठी वापरता येतात. नेत्रपेढी तपासून ठरवते. फॉर्म रद्द करू नका, फक्त घरच्यांनी त्या वेळी लेसिकचं सांगायचं.

चष्मेबहाद्दर
मग एक सुचवतो. ज्यांचं झालंय त्यांनी पाकिटात एक छोटं कार्ड ठेवावं. कुठलं ऑपरेशन, कधी, आधीचा नंबर, आधीची आणि नंतरची कॉर्नियाची जाडी, फ्लॅपची बिजागरी कुठल्या बाजूला. मोबाईलमध्ये फोटो पण. पुढे मोतीबिंदूच्या वेळी लेन्सचा नंबर काढायलाही जुन्या नोंदी उपयोगी पडतात, कारण लेसिकनंतर कॉर्नियाचं माप नेहमीच्या पद्धतीने घेतलं तर हिशोब चुकतो. आणि डोळ्याचं प्रेशर पण खरं असतं त्यापेक्षा कमी दिसतं, काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. आपली फाईल सेंटरकडून मागून घ्या, काही वर्षांनी ती मिळेलच असं नाही.

शर्वरी_कोथरूड
हे फारच उपयोगी. भावाची फाईल मागायला गेलो तर ते सेंटर दुसऱ्या जागी गेलंय, जुनी कागदपत्रं शोधून सांगतो म्हणाले. सुदैवाने वहिनीने आधीच्या नंबरचा कागद जपून ठेवला होता.

मिहिर_ठाणे
शर्वरी, भाऊ कसा आहे आता? आणि तुझं काय ठरलं ते सांगितलंच नाहीस.

शर्वरी_कोथरूड
भाऊ बरा आहे. बँडेज लेन्स काढली. एका कडेला फ्लॅपखाली थोड्या पेशी दिसतायत, त्या मध्याकडे सरकतायत का ते बघणार, सरकल्या तर परत उचलून साफ करावं लागेल. अक्षरं वाचता येतात, रात्री गाडीच्या दिव्यांभोवती जरा पसरट दिसतं. लेकीला आता उचलतो तेव्हा घरातही चष्मा घालतो, शून्य नंबरचा. ती तो ओढते, ते चालतं म्हणतो.

माझं म्हणाल तर तारीख पुढे ढकलली, रद्द नाही केली. वरच्या सगळ्या उत्तरांवरून प्रश्नांची यादी केली आणि त्याच सेंटरला घेऊन गेले. डॉक्टरांनी शांतपणे उत्तरं दिली, याचं मला बरं वाटलं. कॉर्नियाचा नकाशा परत काढला, जाडी सरासरीपेक्षा कमी निघाली, ४९० च्या आसपास. ते म्हणाले तुमचा नंबर छोटा आहे, लेसिक बसेल, पण पीआरकेमध्ये तुमचा जास्त कॉर्निया शिल्लक राहील. मी दिवाळीच्या सुट्टीत पीआरके करायचं ठरवलंय. डोळे कोरडे आहेत ते आधी बरे करायला सांगितलंय. आणि हो, संमतीपत्रक मराठीत मागितलं. त्यांच्याकडे नव्हतं. करून देतो म्हणाले, दोन आठवडे झाले, मी दर सोमवारी फोन करते.

कोल्हापुरी_ठसका
सोडू नकोस. मिळालं की नाव-गाव खोडून इथे टाक, बाकीच्यांना दाखवायला होईल.

चष्मेबहाद्दर
आमच्या मॅडमनी मराठी कागद लिहायला घेतलाय, फ्लॅपचा परिच्छेद पहिल्या पानावर आणला. नेत्रा मॅडम, एकदा नजरेखालून घालाल का? निरोप पाठवतो.

नेत्रा_सोलापूर
पाठवा, आनंदाने.

पाणचक्की
रंगपंचमी आलीये म्हणून धागा वर काढते. सोसायटीत फुगे मारतात. लेसिकवाल्यांनी काय करायचं?

नेत्रा_सोलापूर
पाण्याने भरलेला फुगा गच्चीवरून आला तर लेसिक नसलेल्या डोळ्याचाही पडदा फाटू शकतो, तेव्हा सोसायटीत फुगे बंदच करा. स्वतःसाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा पोहण्याचा गॉगल उत्तम. रंग गेला तर चोळायचं नाही, पाण्याने धुवायचं, टोचणं थांबलं नाही तर दाखवायचं.

पाणचक्की
पोहण्याचा गॉगल काढताना रबर सटकून डोळ्यावर बसतो त्याचं काय?

अनिकेत_एडिसन
पुढून ओढून काढायचा नाही. दोन्ही हातांनी मागचा पट्टा डोक्यावरून वर घ्यायचा आणि मग गॉगल खाली उतरवायचा. मुलांना पण तसंच शिकवलंय.

पाणचक्की
धन्यवाद. सोसायटीच्या ग्रुपवर फुग्यांचं आत्ताच टाकलं, सेक्रेटरींचा होकार आलाय.